कोरा चहा पिणाऱ्या इंदूताई

परळच्या आमच्या औषधांच्या कारखान्यात इंदूताई एकट्याच कोरा चहा प्यायच्या. कुचल्याच्या विषारी बिया दुधात उकळून त्यांचं विष कमी करणं, हे त्यांचं वर्षानुवर्षांचं काम. "दूध काय काय पोटात घेता, ता माका म्हायत आसा," म्हणत त्या कपावर हात ठेवायच्या.

मी प्रयोगशाळेतली नवी केमिस्ट, जिभेला हाड नसलेली. बी शिजली की नाही हे ताई अंगठ्याच्या नखानं ठरवत. साल अलगद सुटली की पातेलं खाली. मी त्या बियांच्या अर्काचा थेंब काचपट्टीवर चढवून दिव्याखाली विषाचा डाग बघायची. डाग फिका, की माल पास. "नखावर कसलं शास्त्र चालतं, ताई?" असं एकदा म्हटलंसुद्धा. त्या नुसत्या हसल्या.

एका भाद्रपदात त्या गणपतीला गावी गेल्या. मागे इथे, लवकर उरकावं म्हणून, बिया आधीच फोडून त्यांच्या फोडी उकळल्या गेल्या. पट्टीवर डाग जवळजवळ नव्हताच. इतका स्वच्छ माल! मी खुशीत सही ठोकली.

परतल्यावर ताईंनी वाळलेली फोड मोडून बघितली आणि तडक माझ्या टेबलाशी आल्या.

"चेडवा, विष उतरवूचा आसता, मारूचा नसता. ह्येच्यात आता औषध रवला नाय."

"डाग नाही, म्हणजे चांगलंच ना?"

"पण गेला खंय, ता बघलंस?"

उरलेलं दूध विषारी म्हणून झाकणाच्या पिंपात होतं. त्याचा थेंब चढवला. दिव्याखाली असा गडद डाग उमटला की मला स्वतःची लाज वाटली. कुचल्यात जे मारतं, तेच थोडक्या मात्रेत आखडलेल्या माणसाला उभं करतं. ते सगळं दुधात गेलं होतं आणि मी भुसा पास केला होता. कुणीतरी विश्वासानं त्याच्या गोळ्या घेत बसला असता.

"सही झालीय, आता जाऊ दे," मॅनेजर म्हणाले. इंदूताई माझ्या शेजारी उभ्या होत्या. मी सही खोडली. माल गेला नाही.

ताई गेल्या वर्षी वारल्या. फार आठवतात. प्रयोगशाळा आता माझ्याकडे आहे आणि आमच्या पट्टीवर तीन थेंब असतात: कच्च्या बीचा, शिजलेल्या बीचा आणि दुधाचा. तिसऱ्याखाली मी पेन्सिलीनं 'इंदू' लिहिते. नवी आलेली मुलगी विचारतेच, "मॅडम, हे काय?" मग मी तिच्यापुढे कोरा चहा ठेवते आणि सांगायला बसते.