इंटर्नने शेवटी बोलायचं

“मॅडम, हा पिऊन आलाय इथं,” दत्ताचा मोठा भाऊ तावातावाने म्हणाला. “तुम्ही गोळ्या देऊन राह्यल्या अन् हा तिकडं दारू पिऊन राह्यला. चाललो मी याला घेऊन घरी.”

“पीत न्हाईत हो ते,” दत्ताची बायको सुनीता रडवेली होऊन म्हणाली.

दत्ता बेडवर बसल्या जागी झुलत होता. जीभ जड, शब्द नीट फुटत नव्हते. तीर्थपुरीचा हा चाळिशीतला शेतकरी. त्याला बायपोलर आजार होता. या आजारात माणूस काही आठवडे भलत्याच उत्साहात असतो, झोपत नाही, सतत बोलतो. मग काही आठवडे अंथरुणातून उठत नाही. लिथियम नावाच्या गोळीवर दत्ताची गाडी बरीच वर्षं सुरळीत चालली होती.

मी जालन्यात मानसोपचारतज्ज्ञ आहे. आमच्या वॉर्डात एमबीबीएसचे इंटर्न, नर्सिंगचे आणि समाजकार्याचे विद्यार्थी एकाच वेळी शिकायला असतात. आधी ते एकमेकांशी बोलायचेच नाहीत. म्हणून मी तिघातिघांच्या टीम केल्या. पेशंटजवळ, नातेवाइकांसमोर बसायचं आणि आपण काय पाहिलं ते सांगायचं. इंटर्नने सर्वांत शेवटी. डॉक्टरने आधी निदान सांगितलं, की बाकीचे नुसती मान डोलावतात.

इंटर्न ओंकारला हा नियम वेळखाऊ वाटायचा. तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “मॅडम, आजार उलटलाय. लिथियमचा डोस वाढवू या.”

“आधी ऐक. मग सांग.”

भावाला म्हटलं, “थोडं बसा. ऐकून घ्या. मग न्यायचं तर न्या.” तो नाराजीनेच बसला.

नर्सिंगची रेश्मा आधी ओंकारकडे बघायला लागली. मी म्हटलं, “तिकडे काय बघतेस? बोल.”

“मॅडम, तोंडाला दारूचा वास नाही. पाणी दिलं तर अर्धा ग्लास अंगावर सांडला. नुसती बोटं नाही, अख्खे हात थरथरतात. आणि सकाळपासून उलट्या, जुलाब चालू आहेत.”

मग समाजकार्याची प्रतीक्षा. ती सुनीताजवळ बाहेर बाकावर बराच वेळ बसली होती. “यांची मोसंबीची तोड चालूये. हे उन्हात दिवसभर फळांनी भरलेले कॅरेट उचलतात. कंबर धरली म्हणून मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणल्या. आठवडा होऊन गेला, रोज दोन वेळा घेतात.”

“अहो ताई, मी गोळ्यांचं विचारलं होतं ना?” ओंकार सुनीताला म्हणाला.

“तुम्ही डोक्याच्या गोळ्या चुकल्या का म्हणून इचारलं, सर. त्या बराबर देते मी. ही तर कंबरेची है.” सुनीताने पिशवीतून पाकीट काढलं.

ओंकारने ते उलटंपालटं करून वाचलं. त्याचा चेहराच उतरला.

“मॅडम, आता मी बोलू?”

“बोल.”

“डोस वाढवायचा नाही. लिथियम आत्ताच बंद करायचं. ते अंगात साठलंय.”

बरोबर होतं. लिथियम किडनीवाटे बाहेर पडतं. दुखण्याच्या काही गोळ्या ती वाट अडवतात. त्यात घाम आणि जुलाबांनी अंगातलं पाणी गेलं, की औषधाचंच विष होतं. माणूस झोकांड्या खातो, बोबडं बोलतो. बघणाऱ्याला तो हमखास प्यालेला वाटतो. त्या दिवशी डोस वाढवला असता, किंवा भाऊ त्याला घरी घेऊन गेला असता, तर दत्ता वाचला नसता.

सलाइन लागलं. रक्त घेऊन ओंकार स्वतःच लॅबकडे पळाला. फिजिशियनला बोलावलं. लिथियमची पातळी फार वाढलेली निघाली. किती पाणी पोटात गेलं, लघवी किती झाली, याच्यावर रेश्माची नजर होती. प्रत्येक राउंडला ओंकार आधी तिलाच विचारायचा. भाऊ येईल-जाईल त्याला “वाचंल ना?” म्हणून विचारत होता. प्रतीक्षा त्याच्या शेजारी बसून राहिली.

दोन-तीन दिवसांत दत्ता नीट बोलायला लागला. भाऊ त्याच्या पायाशी बसून म्हणाला, “म्या तुला सगळ्यांसमोर पेताड म्हणलं रे.”

“मंग आता सगळ्यांसमोर चहा पाज,” दत्ता म्हणाला.

आम्ही सगळ्यांनी तो चहा घेतला. त्या तिघांचे आभार मी तिथेच मानले. कंबरेच्या गोळ्यांचं मलाही प्रतीक्षाकडूनच कळलं होतं.

आता नवी बॅच आली, की मी दत्ता-सुनीताला वर्गात बोलावते. दोघं हौसेने येतात. सुनीता पोरांना बजावते, “नुसतं गोळ्या घेता का म्हणू नका. कुठं दुखतंय ते बी इचारा.” माझ्या तासाला डुलक्या घेणारी पोरं तिचं मात्र कान देऊन ऐकतात. या नवरा-बायकोचे उपकार मी विसरणार नाही.

माझा धडा साधा आहे. पेशंट आणि घरचे सगळं सांगतात, पण एकाच माणसाला सांगत नाहीत. म्हणून ऐकणाऱ्यांनी एकमेकांशी बोलायला हवं.