झोपेची चौकशी

कुरिअरवाल्याने आणखी सहा चादरी परत आणून टाकल्या. नरसिंगराव म्हणाले, "मॅडम, महिनाभर असंच चाललं तर नवे दोन माग बंद करतो."

नरसिंगराव आमचे मालक. कुंभारी रस्त्याला चादरींचा लहानसा कारखाना आहे. ऑनलाइन विक्री मी बघते. लिस्टिंग, म्हणजे वेबसाइटवरचं मालाचं पान, मीच लिहिलं होतं: 'मऊ, हलकी, पिसासारखी'. सूत बारीक घ्या, हा हट्टही माझाच.

परत करताना बहुतेकांनी एकच कारण निवडलं होतं, 'अपेक्षेप्रमाणे नाही'. अपेक्षा काय होती, ते कुठेच नव्हतं. म्हणून फोन लावायला बसले.

दुपारची वेळ होती. मागांचा एकसुरी आवाज येत होता, खिडकीतल्या उन्हात सुताचे तंतू तरंगत होते. क्वालिटी कशी वाटली, असं विचारलं की लोक चांगली म्हणायचे आणि फोन ठेवायचे. पाचवा फोन साताऱ्याकडच्या एका निवृत्त शिक्षकांना लागला. माझ्या तोंडून भलतंच निघालं, "काका, चादरीत झोप लागली का?"



"नाही लागली," ते सावकाश म्हणाले. "मिसेस गेल्यापासून एकटाच असतो. अंगावर काहीतरी आहे, असं वाटावं लागतं. तुमची चादर पांघरलीय की नाही, हे मी हात लावून बघत होतो."

पुढे सगळ्यांना मी झोपेबद्दलच विचारलं. एक बाई म्हणाल्या, पंख्याखाली चादर उडते. एक गृहस्थ लहानपणी गच्चीवर कसे झोपायचे, ते सांगत बसले. अनोळखी माणसं भरदुपारी आपापली झोप सांगत होती. ऐकता ऐकता मलाच पाण्याखाली बसल्यासारखं वाटायला लागलं.

संध्याकाळी मालकांना सांगितलं, लोकांना वजन हवंय, जाड सूत परत लावू या.

"हलकी करा म्हणून तुम्हीच सांगितलं होतं की."

हो, म्हटलं. चुकलं माझं.

त्यांनी नव्या मागांवर जाड सूत चढवलं. लिस्टिंगच्या पहिल्याच ओळीत मी चादरीचं वजन लिहिलं. परत येणाऱ्या चादरी एकदम थांबल्या नाहीत, पण कमी होत गेल्या. माग चालू राहिले.

काकांना एक जाड चादर पाठवली. आठवड्याने सकाळी फोन केला, तो त्यांनी उचलला नाही. दुपारी त्यांचाच आला. झोपलो होतो, म्हणाले.

मालाबद्दल विचारलं की गिऱ्हाईक भिडेखातर चांगलंच बोलतं. घरी नेल्यावर त्या मालाचं काय झालं, ते विचारावं. आणि मग मध्ये बोलू नये.