आईच्या पाठीसाठी

तेलीबांध्याच्या गॅरेजात ग्रीसचा वास आला आणि बाबांनी घरी बनवलेली कार आठवली. पाठीच्या ऑपरेशननंतर आईला धक्के सोसत नसत, म्हणून त्यांनी समता कॉलनीतल्या आमच्या अंगणात त्या कारचं सस्पेन्शन स्वतः जुळवलं होतं. स्प्रिंगा कडक वाटल्या की काढायचे, नव्या बसवून पाहायचे.

अखेर एका सकाळी आम्ही आईला घेऊन अभनपूरला मावशीकडे निघालो. ऑपरेशननंतर बहिणी भेटल्याच नव्हत्या. वाटेत चाक मोठ्या खड्ड्यात गेलं, तसा बाबांनी घाबरून ब्रेक दाबला.

“दुखलं का वं?”

“नाही. थांबवली काहून? चालू द्या न,” आई म्हणाली.

बाबा खूप दिवसांनी मोकळे हसले. स्प्रिंगा जमल्या, असं मलाही वाटलं. आता माझीच पाठ धरते, तेव्हा कळतं, त्या खड्ड्यात आईला दुखलंच असणार.