दोन फुटांवरची खिडकी

निरवांगीला आमच्या वस्तीवर नवं घर बांधायचं ठरलं, ते नव्वद सालानंतरच्या दिवसांत. नकाशा काढायचं काम माझ्याकडे आलं. मी नुकतीच बारामतीच्या कॉलेजातून बी.एस्सी. झाले होते, घरातली पहिलीच पदवी. शिकलेल्या माणसाला नकाशा काढता येतोच, असं आबा, म्हणजे माझे वडील, धरून चालले होते. खरं तर मलाही तसंच वाटत होतं.

प्रॅक्टिकलचे आलेखाचे कागद उरले होते. एका चौकटीला एक फूट धरून मी चार खोल्या आखल्या. स्वयंपाकघरात उभ्यानं काम करायचा ओटा काढला आणि त्याच्यावर खिडकी. गोठा मात्र उचलून विहिरीपलीकडे नेऊन ठेवला. जनावरं घरापासून लांब असावीत, हे मी शाळेत शिकले होते आणि पेपरात लिहून मार्कही मिळवले होते.

"झ्याक हाय," आबा म्हणाले. आईला कागदावरून काही उमगेना. "मला जमिनीवर दाव," ती म्हणाली.

म्हणून माळेगावच्या मिस्त्रीला बोलावलं. त्यानं खुंट्या ठोकून दोरी ताणली आणि उसाशेजारच्या मोकळ्या तुकड्यात चुन्याची फक्की टाकून माझा नकाशा जमिनीवर उतरवला. दारांच्या जागी रेघ सोडली. घर एवढंसं दिसत होतं.

"फक्कीत समद्यांना घर ल्हानच वाटतं," मिस्त्री म्हणाला. "भिंती आल्या की मोठं हुतं."

आई दारातूनच आत आली. एकही रेघ न ओलांडता ती स्वयंपाकघरात गेली, पोतं अंथरलं आणि भाकरी थापायला बसते तशी बसली. मग तिनं मान वळवली.

"गाया कुठं हायत?"

"विहिरीपलीकडं. ओट्यापाशी उभं राहिलं की खिडकीतून दिसतील," मी म्हणाले.

"म्हंजी भाकरी मी उभ्यानं थापू व्हय?"

मिस्त्री हसला. "काकू, आता नव्या घरात समद्यांकडं ओटाच असतुया."

"तुझी बायकू उभ्यानं थापती का?"

"न्हाय," त्यानं कबूल केलं. "बसूनच."

आईनं पोतं झटकलं. "एवढ्या लांब गोठा ठिवला तर माझ्यानं व्हायचं न्हाय. मग गाया इकून टाका."

ती रागावली नव्हती. जे होणार ते सांगत होती. आमचं जुनं घर दोन खोल्यांचं, पत्र्याचं. गोठा भिंतीला लागून. चुलीपुढे बसल्या जागी कुठली गाय दाव्यात अडकली, कुठली व्यायला आली, ते तिला दिसायचं. ऊस आबांचा, तीन जर्सी गाई तिच्या. बारामतीतली माझी खोली आणि जेवणाचा डबा त्या दुधावरच चालला होता. घराच्या चौकटी मोजताना ते मात्र मी कुठंच धरलं नव्हतं.

"गोठा अलीकडं घेऊ," आबा म्हणाले.

"आणि माश्या? वास?" मी विचारलं.

"उगवतीच्या अंगाला घेऊ. वारं मावळतीकडनं येतं, वास पुढं जातुया. शेण रोज उचललं की बास."

गोठा चाळीस फुटांवर आला. प्रश्न खिडकीचा राहिला. मिस्त्री नेहमी साडेतीन फुटांवर खिडकी घ्यायचा. खाली बसलेल्या माणसाला तिच्यातून नुसतं आभाळ दिसलं असतं. मी आईला पुन्हा पोत्यावर बसवलं. मिस्त्रीनं टेप धरली. जमिनीपासून तिच्या डोळ्यांपर्यंत अडीच फूट. घराचं जोतं दोन फूट उंच होणार होतं. मी नव्या कागदावर आईचा डोळा मांडला, चाळीस फुटांवर गाईचे पाय मांडले आणि दोन्हींमध्ये सरळ रेघ ओढली. खिडकीची खालची कड आतल्या जमिनीपासून दोन फुटांच्या वर जाऊन चालणार नव्हती.

"येवढ्या खाली?" मिस्त्री म्हणाला. "लोक म्हणतील, मिस्त्रीनं बसून बांधलंय."

"म्हनू द्या," आई म्हणाली.

तशीच बांधली. ओटाही बांधला, पण दुसऱ्या भिंतीला; त्याच्यावर चहा होतो, भाज्या होतात. भाकरी खालीच, खिडकीशी. राहायला गेलो त्याच आठवड्यात आई पिठाच्या हातानं ताडकन उठली आणि धावली. मधली गाय व्यायला लागली होती. आम्ही बाकीचे पोचेपर्यंत वासराचे पुढचे पाय बाहेर आले होते.

पाहुण्या बायका स्वयंपाकघरात बसल्या की अजूनही विचारतात, खिडकी एवढी खाली कशी.

"पोरीनं काढलीया," आई सांगते. "बीएस्सी हाय ती."

मी गोठा विहिरीपलीकडे नेला होता, हे ती कुणालाच सांगत नाही.