शिवणकामाचं टेबल आणि काळं पाणी

न्युरेम्बर्गला आम्ही राहायला गेलो तेव्हा घरात एक गादी, दोन बॅगा आणि सासूबाईंनी दिलेला कुकर एवढंच होतं. बाकीचं घर आम्हाला रस्त्याने दिलं. तिथे नको झालेलं सामान लोक ठरलेल्या दिवशी फुटपाथवर काढून ठेवतात आणि महापालिकेची गाडी ते घेऊन जाते. त्याला श्पेरम्युल म्हणतात. गाडीच्या आधी जो येईल त्याने हवं ते उचलावं, कुणी हटकत नाही. पुण्या-मुंबईहून आलेल्या आमच्या सगळ्या इंजिनियर मंडळींची घरं अशीच सजली होती. घरी फोनवर मात्र सगळे ‘नवीन सोफा घेतला’ म्हणून सांगत.

ही विद्या मला दिली वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी. त्यांचे यजमान म्हणजे माझ्या नवऱ्याचे साहेब. वहिनी सहा वर्षं जर्मनीत होत्या, फाडफाड जर्मन बोलायच्या आणि आमच्यासारख्या नव्या जोडप्यांना मायेने पंखाखाली घ्यायच्या. मला तर त्या धाकटी बहीणच म्हणत. मीही वेडी, ते खरं मानून चालले.

माझा जीव मात्र दुसऱ्याच गोष्टीत अडकला होता. पुण्यात मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करत होते, लग्नानंतर ते सुटलं. इथे एका प्रयोगशाळेतल्या बाईंनी मला सांगितलं होतं, जर्मनची परीक्षा पास हो, सप्टेंबरपासून प्राक्टिकुमला ये. म्हणजे बिनपगारी उमेदवारी, पण मला ती राज्यासारखी वाटत होती. रोज सकाळी मी क्लासला जायचे आणि क्रियापदं घोकत घरी यायचे.

त्या क्लासात एकदा एक धडा आला. जुन्या काळी इंग्लंडात एका पोराने कुणाच्या तरी खिशातला रुमाल मारला म्हणून त्याला जहाजात कोंबून सात वर्षांसाठी ऑस्ट्रेलियाला धाडलं. रुमाल मारताना दोघं होते, पण दुसऱ्याने पहिल्याविरुद्ध साक्ष दिली आणि तो सुटला. शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, तुमच्याकडे असं काही होतं का? मी मोडक्या जर्मनमध्ये अंदमान सांगितलं, काळं पाणी सांगितलं. आणि हेही सांगितलं की माझ्या नवऱ्याच्या ऑफिसात पोलंडच्या सीमेजवळच्या एका साइटला सगळे काळं पाणीच म्हणतात, कारण तिथे गेलेल्याला परत कुणी बोलावत नाही. सगळा वर्ग हसला. मी सगळ्यात जास्त हसले.

मग जूनमधला तो शनिवार. सकाळी वहिनींची हाक आली, “अगं, कोपऱ्यावर काय सुंदर माल आलाय, चल लवकर. नवऱ्यालाही घे, उचलायला लागेल.” आम्ही तिघं गेलो. मोडक्या खुर्च्या, एक कपाट, आणि थोडं बाजूला एक शिवणकामाचं टेबल. गडद लाकडाचं, खाली तीन खण. मी वरचा खण ओढला तर आत बटणं. रंगाप्रमाणे लावलेली, छोट्या काचेच्या बरण्यांत. दुसऱ्यात दोऱ्यांची रिळं.

“वहिनी, यात सामान आहे हो. फेकलेलं नसेल.”

“वेडी आहेस. ही माणसं अख्खं घर फेकतात, बटणांचं काय घेऊन बसलीस? मी पाहिलंय ना सहा वर्षं. उचल, नाहीतर दुसरं कुणी नेईल.”

मला ते मनातून नको होतं, पण हवंही होतं. मी एक बाजू धरली, नवऱ्याने दुसरी. वहिनी पुढे दार उघडायला.

तासाभराने बेल वाजली. दारात एक पोलीस आणि एक लालबुंद झालेला माणूस. त्याची म्हातारी आई त्याच दिवशी वृद्धाश्रमात राहायला जात होती. सामान नेणारी गाडी यायची म्हणून त्याने तिच्या चार वस्तू खाली आणून ठेवल्या होत्या, नेमक्या श्पेरम्युलच्या ढिगाशेजारी. समोरच्या खिडकीतल्या आजींनी आम्हाला पाहिलं होतं. टेबल आमच्या हॉलमध्येच होतं. मी त्यावर फुलदाणीसुद्धा ठेवली होती!

नवऱ्याने धावत जाऊन वहिनींना बोलावलं, भाषेसाठी. मला हायसं वाटलं. वहिनी आल्या, गोड हसल्या आणि बोलू लागल्या. त्यांचा समज असा, की मला अजून ‘दूध कुठे आहे’ याच्यापुढे जर्मन येत नाही. मला सगळं कळत होतं. त्या म्हणाल्या, मी तर रस्त्याने सहज जात होते. मी हिला म्हटलंसुद्धा, आत सामान आहे, हात लावू नकोस. पण ही नवीन आहे, हिला समजलं नाही.

माझंच वाक्य होतं ते! माझ्या तोंडचं काढून त्यांनी स्वतःच्या तोंडी घातलं होतं.

“नाइन,” मी म्हणाले. नाही, तसं नाही. आणि घोकलेली सगळी क्रियापदं ऐन वेळी पळून गेली. पोलीस थांबला, थांबला, मग त्याने नवऱ्याकडे पाहिलं. विचारलं, या बाई सांगतात तसंच झालं का?

नवऱ्याला जर्मन येतं. ऑफिसात दिवसभर तेच बोलतो. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाला, “जा. गेनाऊ.” हो. अगदी तसंच.

टेबल परत गेलं. खालच्या गाडीत बसलेल्या म्हातारीने बरण्या मोजून पाहिल्या आणि माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. तक्रार पुढे निकालात निघाली, कागद आला, गैरसमज म्हणून प्रकरण बंद. पण आमच्या लोकांत ते कसलं बंद होतंय? पुढच्या रविवारी तिथल्या मराठी मंडळाच्या जेवणात मी पुरणपोळ्या घेऊन गेले, तर बायका आपापल्या पर्स जवळ ओढून हसल्या. थट्टाच होती म्हणे. सगळ्यांत मोठ्याने वहिनी हसल्या.

“अहो, एकदा तरी खरं सांगा ना सगळ्यांना,” मी घरी आल्यावर म्हणाले.

“साहेबांची बायको आहे ती,” नवरा म्हणाला. “जाऊ दे. माझ्या नोकरीचा प्रश्न आहे.”

नोकरीने त्याची बूज अशी राखली, की पंधरा दिवसांत साहेबांनी त्याला बोलावून घेतलं. क्लायंटच्या कानावर गेलं तर बरं दिसणार नाही, थोडे दिवस लांब राहा. कुठे, ते सांगायला नकोच. घर कंपनीचं, महिनाअखेरीस रिकामं करायचं होतं. माझी परीक्षा त्यानंतर दहा दिवसांनी होती. प्रयोगशाळेतल्या बाईंना मी फोन केला आणि एकही चूक न करता, शुद्ध जर्मनमध्ये, येऊ शकत नाही म्हणून कळवलं.

पोलंडच्या सीमेजवळच्या त्या गावात एक बेकरी होती, एक चर्च आणि बंद पडलेलं स्टेशन. क्लास नव्हता, प्रयोगशाळा तर नव्हतीच. पहिल्या महिन्यात आम्ही एका सकाळी फिरायला निघालो, तर एका घरापुढे श्पेरम्युल मांडलेलं. त्यात एक पुस्तकांचं कपाट होतं, चांगलं भक्कम. नवरा थबकला. इकडेतिकडे पाहून म्हणाला, “अगं, हे नक्की टाकलेलंच आहे. घेऊ या का? एक बाजू धर.”

मी हात कोटाच्या खिशात घातले.

“तुम्ही उचला,” मी म्हणाले. “कुणी विचारलंच, तर मी रस्त्याने सहज जात होते.”