संध्याकाळचं माप

सकाळचे सव्वासात वाजले होते. चहाला उकळी आली होती, इस्त्री तापत ठेवली होती आणि मास्तर त्या सकाळी तिसऱ्यांदा संडासात गेले होते. त्यांची बायको कालच्या कोटाचं शेवटचं बटण लावत होती आणि मधूनमधून संडासाच्या बंद दाराकडे बघत होती. घर म्हणजे मागे दोन खोल्या, पुढे रस्त्याकडे तोंड केलेलं शिलाईचं दुकान, मधे एक पडदा. पडद्याच्या अलीकडे संसार आणि पलीकडे धंदा, असं लग्नानंतर दोघांनी ठरवलं होतं. दोऱ्याच्या तुकड्यांनी मात्र बावीस वर्षांत हे कधी मानलं नाही. ते ताटातसुद्धा सापडत.

तेवढ्यात दुकानाच्या दारावर थाप पडली. एक नाही, तीन, आणि चांगल्या दणदणीत.

"आले, आले! दार मोडाल!" म्हणत तिनं कडी काढली. दारात अग्निशमन दलाचे प्रमुख उभे होते. सगळे त्यांना बंबवाले साहेबच म्हणत.

"मास्तर आहेत?"

"आहेत ना. अंघोळीला गेलेत."

"परवा येऊन गेलो तेव्हाही अंघोळच चालली होती," साहेब स्टुलावर बसत म्हणाले. "फार स्वच्छ माणूस बुवा!"

तिनं हसून चहाचा कप पुढे केला. आत पाणी ओतल्याचा आवाज झाला आणि मास्तर हात पुसत बाहेर आले. चेहरा उतरलेला, पण कॉलर ताठ. साहेबांनी वेळ न घालवता सांगितलं. दलाला पन्नास वर्षं होतायत, मोठा समारंभ आहे, बत्तीस जणांचे नवे कोट शिवायचे आहेत.

मास्तरांच्या बायकोचे डोळे चमकले. दलाचं संचलन या रस्त्यावरून गेलं की मास्तर दारात उभे राहून हळहळत, "कापड एवढं चांगलं, आणि खांदे बघ कसे पडलेत. पोती घातल्यासारखी!" हे काम आपल्याकडे यावं असं त्यांच्या मनात किती वर्षं होतं, ते तिला ठाऊक होतं.

"समारंभ कधी?" मास्तरांनी विचारलं.

"सहा महिन्यांनी. भरपूर वेळ आहे."

मास्तरांनी टेबलावरचा टेप गुंडाळून ठेवला. मग म्हणाले, "नाही जमणार, साहेब. दुसरीकडे बघा."

साहेब कप खाली ठेवून गेले. मास्तर कापायला बसले. बायको मात्र चपला न घालताच रस्त्यावर धावली आणि साहेबांना कोपऱ्यावर गाठून म्हणाली, "दीड महिना थांबाल? दुसऱ्या कुणाला देऊ नका. का ते मलाही माहीत नाही. कळलं की सांगते."

परत आली ती सरळ कटिंगच्या टेबलासमोर उभी राहिली. "गेल्या महिन्यात त्या शाळेचं काम सोडलंत. त्याच्या आधी त्या प्राध्यापकांचा सूट. दोन्ही लांबच्या मुदतीची. जवळची तेवढी घेताय. काय चाललंय?"

"काही नाही."

"बावीस वर्षं तुमची काजं करतेय मी. आतली शिलाई कुठं उसवलीय ते मला वरून कळतं. बोला."

मास्तरांनी मापांची वही काढली. गिऱ्हाइकांची मापं लिहायची तीच जाड वही. अगदी शेवटच्या पानावर, नाव न लिहिता, एकच माप पुन्हा पुन्हा लिहिलेलं होतं. कंबर चौतीस. साडेचौतीस. पस्तीस. छत्तीस. खाली तारखा.

"माझं आहे," ते म्हणाले. "पोटात काहीतरी वाढतंय. बाबांचंही पोटाचंच होतं. ज्याला स्वतःच्या सहा महिन्यांचा भरवसा नाही, त्यानं बत्तीस माणसांच्या अंगाला टेप लावून त्यांना वाऱ्यावर सोडायचं का?"

ती वही हातात घेऊन स्टुलावर बसली.  मास्तर आता थांबले नाहीत. गेलं वर्षभर पोट दुखतंय, बेंबीच्या खाली. आठवड्यातून दोन-तीनदा तरी. दुखलं की धावावं लागतं आणि जाऊन आलं की कमी होतं. कधी तीन दिवस पातळ, मग दोन दिवस काहीच नाही. जाऊन आलं तरी मन भरत नाही, अजून राहिलंय असं वाटतं. माल द्यायचा दिवस जवळ आला की हमखास. दूध सोडलं, डाळी सोडल्या, फळं सोडली. आता कोरडा पाव आणि मऊ भात एवढ्यावर गाडी आली होती.

"मला वाटलं, माझ्या हातचं आवडेनासं झालं," ती म्हणाली. डोळ्यात पाणी होतं, पण वही तिनं सोडली नव्हती. शिवणाऱ्याच्या घरात राहून तिला एक सवय लागली होती. माप दिसलं की ते कसं घेतलं ते विचारायचं. "अहो, हे मोजलंत कधी?"

"तारखा घातल्यात की."

"तारीख नाही, वेळ! सकाळी की संध्याकाळी?"

"दुकान बंद करताना. तेव्हाच तर विजार काचते."

"आणि सकाळी?"

 सकाळी मास्तरांनी कधी मोजलंच नव्हतं. गिऱ्हाईक जेवून आलं असेल तर माप उद्या घेऊ म्हणणारा हा माणूस, स्वतःचं माप मात्र रोज दिवस कलल्यावरच घेत आला होता.

दुसऱ्या दिवशी उठल्या उठल्या तिनं त्यांना उभं केलं आणि टेप लावला. चौतीस.

"तू ओढलास टेप."

"घ्या, तुम्ही लावा. श्वास मात्र रोखू नका, हुशारी कळते मला."

पुन्हा चौतीस. संध्याकाळी छत्तीस. सकाळी परत चौतीस. चौथ्या दिवशी तिनं वही पिशवीत टाकली आणि मास्तरांना डॉक्टरांकडे नेलं. नेलं म्हणजे अक्षरशः दंडाला धरून.

डॉक्टर वयानं लहान, पण घाईत नसलेली मुलगी होती. तिनं वहीचं पान दोनदा वाचलं. "मास्तर, गाठ असती तर ती रोज संध्याकाळी येऊन सकाळी घरी गेली नसती. हे फुगणं आहे. पण मी अजून काही ठरवत नाहीये. आधी विचारू द्या."

आणि तिनं पुष्कळ विचारलं. शौचातून रक्त जातं का? नाही. वजन उतरलं? खाणं एवढं कमी करूनही फारसं नाही. ताप येतो? नाही. झोपेतून पोट उठवतं? मास्तरांना विचार करावा लागला. नाही, दुखायचं ते जागेपणीच. वडिलांना काय झालं होतं?

"आतड्याचा कॅन्सर. एकाहत्तराव्या वर्षी. रक्त जायचं, अंगावरचे कपडे लोंबायला लागले होते. शेवटी मीच त्यांचे सदरे आत घेत होतो."  आपला एकही कपडा कधी आत घ्यावा लागला नाही, उलट सैल करावा लागला, हे मास्तरांच्या तेव्हाच ध्यानात आलं.

"वडिलांचं ऐकलं म्हणून, आणि तुमचं वय पंचेचाळीसच्या पुढं आहे म्हणून, दुर्बिणीनं आतडं बघून घेऊ," डॉक्टर म्हणाली. "बाकी रक्त तपासू. अंगात रक्त कमी आहे का, थायरॉइड, गव्हाचं वावडं. शौचाची एक तपासणी, आत सूज आहे का ते कळायला. दोन आठवडे रोज लिहून आणा. काय खाल्लं, कधी दुखलं, कितीदा गेलात, कसं झालं. माप दोन्ही वेळेला."

मास्तरांनी ते काम डोळ्यात तेल घालून केलं. मापाच्या वहीत एवढं सविस्तर कुठल्याच गिऱ्हाइकाबद्दल लिहिलेलं नव्हतं. दुर्बिणीच्या आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध प्यावं लागलं, तेव्हा बायको दाराबाहेरून ओरडली, "आज कुणी आलं तर काय सांगू? अंघोळच?" आतून आवाज आला, "सांग, पोहतोय म्हणून!" कितीतरी महिन्यांनी त्या घरात असं मोठ्यानं हसू आलं.

सगळे रिपोर्ट यायला महिना गेला. सगळे स्वच्छ. मास्तरांचा चेहरा उजळला आणि लगेच पडलाही.

"म्हणजे मला काहीच झालं नाही? मग हे वर्षभर मी काय नाटक करत होतो?"

"नाटक कोण म्हणालं?" डॉक्टर म्हणाली. "दुखतं ते खरंच दुखतं. याला नाव आहे. इरिटेबल बॉवेल सिंड्रोम. आयबीएस म्हणतात. आतड्याला जखम नाही, गाठ नाही, पण त्याची हालचाल बिनसलेली आहे. ते चिडकं झालंय. थोड्या गॅसनं, थोड्या काळजीनंही त्यात कळ उठते. आणि हा आजार कुठल्याही रिपोर्टात छापून येत नाही. आठवड्यातून एकदा तरी दुखणं, ते शौचाशी जोडलेलं असणं, शौचाचा प्रकार आणि वेळा बदलणं, हे सगळं निदान तीन महिने चाललेलं आणि सुरू होऊन सहा महिने उलटलेले. असा नमुना जुळला आणि धोक्याची खूण नसली, की ओळखायचं. तुमचा नमुना तुमच्या वहीत आहे."

"कापायच्या आधी कागदावर काढतो तसा," मास्तर पुटपुटले.

"यानं कॅन्सर होत नाही. पण हे आज गेलं, परत आलं नाही, असंही नाही होणार. येईल, जाईल. रक्त दिसलं, वजन उतरलं, रात्री दुखून जाग आली, तर मात्र लगेच या."

मग डॉक्टर खाण्यावर आली. सोडलेलं सगळं एकदम नाही, एकेक करून परत घ्यायचं, आणि बाधेल तेवढंच सोडायचं. वेळेवर जेवायचं. रिकाम्या पोटी तीन-तीन चहा बंद. इसबगोल पाण्यातून, आणि कळ आली तर घ्यायची एक गोळी. बायकोनं मधेच विचारलं, "आणि माझ्या हातच्या डाळीचं?" डॉक्टर म्हणाली, "आधी अर्धी वाटी." त्यावर मास्तर इतक्या आशेनं बघायला लागले, की दोघी हसल्या.

परतीच्या वाटेवर तिनं सांगून टाकलं, "बंबवाल्या साहेबांना मी थांबवून ठेवलंय."

"मला न विचारता?"

"तुम्ही मला विचारून आजारी पडला होतात का?"

 मास्तरांच्या जिवात जीव आला होता. त्या आठवड्यात पोट दोनदा दुखलं, एकदा चांगलंच. ते संडासातून आले, हात धुतले आणि खडू घेऊन पुन्हा कापायला बसले. दुखतंय ते काय आहे हे माहीत असलं की माणूस बराच मोकळा होतो.

सोमवारी ते टेप, खडू आणि वही घेऊन अग्निशमन केंद्रावर गेले. खाली लाल गाड्या धुऊन पुसून उभ्या होत्या. साहेबांनी दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला. "वरचा हॉल तयार ठेवलाय, मास्तर. दोन जिने चढायचे, पण उजेड छान आहे. सगळे एकामागून एक रांगेत येतील. फक्त एक आहे. मधेच घंटा झाली तर आम्ही अर्धी बाही तुमच्या हातात टाकून पळू. आमचं कामच तसलं, बोलावणं आलं की थांबता येत नाही. रागावू नका."

मास्तर खळखळून हसले. त्यांनी जिन्याकडे पाहिलं. मग, वर्षभर अंघोळीच्या नावाखाली जे झाकलं ते सांगायला, घसा साफ केला.

"साहेब, काम घेतलं. एक छोटी विनंती आहे. मला पोटाचा त्रास आहे, आयबीएस म्हणतात. मधेच उठावं लागतं. मापं घ्यायला मला वरचा हॉल नको, खालची संडासाजवळची एखादी खोली द्या."