धुतलेला सिक्का

त्या दिवाळीत कोण कोण होतं ते आधी सांगून देते, म्हणजे मधात कोणी विचारू नये. घरात आम्ही चौघं. मी, आमचे हे, आमचा पोरगा, अन् त्याची नवी बायको, माझी सून. तात्यापाऱ्यात, रायपुरातल्या मराठी लोकायच्या मोहल्ल्यात, होते एक काका, बँकेतून रिटायर झालेले, अन् त्यायची बायको, काकू. बाकी दरीवर, म्हणजे सतरंजीवर, बसलेले लोकं होते, पण त्यायचं इथं काही काम नाही.

मी चौथीपर्यंत शिकली. म्हणून मी बोलून राहिली अन् नात लिहून राहिली. सुनेचीच पोरगी ती. आता नव्या रायपुरात हापिसात जाते. मराठी समजते तिले सगळी, पण बोलते हिंदीत. आत्ताच म्हणे, "आजी, स्टोरी पे आओ." येऊन राहिली, थांब.

आम्ही भंडाऱ्याकडचे, रायपुरात पोटासाठी आलेले. हे गुढ़ियारीच्या मालधक्क्यावर हमाली करत. पोत्याची थप्पी लावणं, वॅगन खाली करणं. जादू यायनं लहानपणीच शिकली होती, एका मेळ्यातल्या माणसाच्या मागं मागं फिरून. गणपतीत, पोरायच्या बारशात करून दाखवत. हौस होती, धंदा नव्हता.

मंग छत्तीसगढ राज्य वेगळं झालं अन् रायपूर राजधानी झाली. सगळे म्हणत, आता चांगले दिवस येतील. आमच्याकडं घरमालक आला अन् भाडं वाढवून गेला. त्याच साली तांदुळाची थप्पी यायच्या अंगावर कोसळली. जीव वाचला. कमर गेली, उजव्या हाताची बोटं आखडली. पट्टा बांधून उठत-बसत, बस तेवढंच. मी दोन घरचे भांडे धरले, पोरगा दुसऱ्याचा ऑटो चालवे. यायनं एक दिवस म्हटलं, "पोतं उचलता येत नाही, सिक्का तर उचलता येते न." असा तो हौसेचा धंदा झाला.

पण आखडलेल्या बोटानं पत्ते होईनात, रुमाल होईना. एकच जादू राहिली हातात, टोपीची. ती काय ते सांगते, आता यायचं कोणी नुकसान करू शकत नाही. पाच रुपयाचा जाड सिक्का असे न, तो आतून कोरून त्याची पातळ टोपी करतात. ती टोपी दुसऱ्या सिक्क्यावर बरोबर बसते, डब्यावर झाकण बसते तशी. पाहणाऱ्याले एक सिक्का. बोटानं जराक सरकवलं की दोन. आमच्या पाऱ्यातल्या लेथवाल्या भैयानं करून दिली होती. आतला सिक्का काठानं घासून बारीक केला होता, तवा बसला.

खरी मेहनत त्याच्या पुढं. लेथवरून आलेली टोपी नवी नवरी असल्यासारखी चमकते. लोकायच्या खिशातल्या चिल्लरमधी ठेवली का लगेच वेगळी दिसते. तिले त्यायच्यातली करा लागते. ते काम माझं होतं. मी ती कनवटीले खोसून भाजी आणाले जाऊ, भांडे घासू, चूल फुंकू, तशीच झोपू. मंग भाजीबाजारातून चिल्लर आणून सगळे सिक्के एका थैलीत टाकून खुळखुळवत राहू. वापरलेला सिक्का सगळाच काळा नसते. जिथं अंगठा फिरते तिथं उजळ, अन् अक्षराच्या खाचीत काळा. तसा रंग यायले लय वेळ लागे. अन् बाकीचे सिक्केही त्याच रंगाचे पाहिजे, म्हणून मी बाजारात निवडून घेऊ. एक भाजीवाली मले म्हणे, "दीदी, भाजी तो सब छाँटते हैं, तुम चिल्लर भी छाँटती हो?" मी म्हटलं, हव.

टोपीच्या काठाले केसासारखी एक रेघ असते. त्या मळानंच ती रेघ झाकली जाय. मळ होता म्हणून घरात चूल होती, असं समजा.

पोराचं लग्न त्या उन्हाळ्यात झालं. सून छत्तीसगढी, बोलायले कमी, कामाले वाघीण. तिची आमच्या घरी पहिली दिवाळी. भाऊबीजेले तात्यापाऱ्यातल्या मराठी लोकायचा दिवाळीचा कार्यक्रम होता. तिथं शाळेत शिकवणारे लोकं येणार होते. जादू त्यायले आवडली तर थंडीभर शाळा-शाळात बोलावणं येईन, अन् नाही आवडली तर यायले घरी बसा लागन. हे घरात सगळ्याले माहीत होतं. तवा हे रोज थैली काढून बोटं चालवत.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मी लाह्या-बत्ताशे आणाले गेली. आली तर सून दारातच हसत उभी. म्हणे, "अम्मा, देखो."

पाटावर लाल कपडा, अन् त्याच्यावर सगळे सिक्के मांडलेले. खुंटीवरची थैली काढून तिनं चिंच अन् राखड लावून एक एक घासला होता. आपल्याकडं लक्ष्मी धुऊनच पूजतात, हे तिले मीच सांगितलं होतं. सगळे चमचम करून राहिले होते. अन् टोपीच्या काठाले ती रेघ, चाकूनं काढल्यासारखी.

माझ्या हातातल्या लाह्या हातातच राहिल्या. तिनं माझं तोंड पाह्यलं.

"क्या हुआ अम्मा? मैंने तो अच्छा सोच के धोया."

हे खाटेवरून उठून आले. पट्टा आवळत वाकले, टोपी उचलली, उजेडात धरली. मले वाटलं आता तिच्यावर ओरडतात. पोट्टी तर रडायलेच लागली, म्हणे मले मायघरी पाठवून द्या.

यायनं टोपी पाटावर ठेवून देली. म्हणे, "थप्पीखालून निघालो मी, तुह्या चिंचेनं मरतो का? जा, चहा मांड."

"बाबूजी, काम खराब हो गया न?"

"चहात साखर नाही टाकली तर होईन खराब."

पूजा झाली. पण जेवताना यायनं अर्धं ताट तसंच सारलं, ते मी पाह्यलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी सकाळपासून त्या टोपीच्या मागं लागलो. चहापत्तीच्या पाण्यात उकळली. दिव्याची काजळी खोबरेल तेलात कालवून लावली. पोत्यावर घासली. काळी झाली, पण जुनी नाही झाली. यायले दाखवली तर म्हणे, "हा सिक्का नाही, हे तव्याचं पोट्टं आहे." पोरगा हसला, मी पण हसली. कनवटीले खोसून रंग आणाले महिने पाहिजे. आमच्याजवळ मधात एक रात होती.

सून पुन्हा चिंच घेऊन बसली, ती काजळी काढाले. टोपी चमकली, तशी तिनं ती पाटावरच्या सिक्क्यात ठेवून पाह्यली. त्या सिक्क्यायले मी हळद-कुंकू वाहिलं होतं, ते वाळून तसंच होतं. ती पाहत राहिली. मंग बोट कुंकवात बुडवून टोपीच्या काठावर टेकवलं अन् म्हणे, "बाबूजी, इधर से तो लकीर नहीं दिखती."

यायनं पाह्यलं, मी पाह्यलं. खरंच नव्हती दिसत.

मी म्हटलं, "काहो, तात्यापाऱ्यातल्या बायांनी आपली लक्ष्मी नसन का धुतली? आज पूजा उचलली अन् तेच सिक्के परत त्यायच्या बटव्यात गेले असतीन. तिथं आपलाच काळा सिक्का वेगळा दिसला असता."

यायनं कपाळावर हात मारला. म्हणे, "एवढे वर्षं मी तुले सिक्का काळा कराले लावला."

पाण्यातलं कुंकू वाळून झडे, म्हणून सुनेनं त्याच्यात तेलाचा थेंब टाकला. सगळ्याच सिक्क्यायले टिकल्या लावल्या, कुठं जास्त, कुठं पुसट.

तात्यापाऱ्यात एका घरच्या अंगणात दऱ्या टाकल्या होत्या. मी अन् सून खांबाजवळ बसलो. यायनं थाळी समोर ठेवली अन् म्हटलं, "बायांनो, लक्ष्मीपूजनाचा एकेक सिक्का द्या. उसना." बटवे उघडले. एक एक सिक्का थाळीत पडे, चमकणारा, कोणाले कुंकू, कोणाले हळद. आमचा यायनं हळूच त्याच्यात टाकला, तो मिळून गेला. मलेही ओळखू येईना.

समोर बसलेल्या बँकेतल्या काकांनी शर्टाच्या खिशातून सिक्का काढून टाकला. एकदम काळाकुट्ट.

हे म्हणाले, "काका, तुमच्या घरची लक्ष्मी आंघोळ नाही करत का?"

काकू बाजूलेच होत्या. म्हणाल्या, "माझी तर लख्ख केली हो मी! हा यांनी माझ्यापासून लपवून ठेवलेला आहे." सगळं अंगण हसलं. काकाही हसले, पण कान लाल झाले.

जादू झाली. एकाचे दोन झाले, पोरायनं टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात काका उठले. "थांबा. तो सिक्का दाखवा इकडे. जन्मभर पैसेच मोजलेत मी."

धडधाकट बोटं असती तर यायनं तिथंच बदलून दुसरा देला असता. पण बोटं आखडलेली. तळहातावर दोन्ही भाग तसेच होते, यायनं कसाबसा एकावर एक बसवला, बस. सुनेनं माझं मनगट धरलं. हे हसत उभे होते, पण ते हसणं मी ओळखते. दवाखान्यात हाड बसवताना तसंच हसत होते.

काकूंनी मधातच हात पुढं केला. "तुम्हाला काय दिसणार? चष्मा घरी विसरलात. मी पाहते." अन् यायच्या हातातून सिक्का घेतला.

त्यायच्या अंगठ्याखाली टोपी सरकली. मी पाह्यलं ते. अंगठ्याले कुंकू लागलं. त्यायनं यायच्याकडं पाह्यलं, मंग शर्टाखालून दिसणाऱ्या त्या पट्ट्याकडं. अंगठा दाबून टोपी बसवली.

"बरोबर आहे," म्हणाल्या. "चांगला पाचचा सिक्का आहे. बसा आता खाली, मुलांना पाहू द्या."

सिक्का त्यायनं यायच्या तळहातावर ठेवला अन् यायची ती आखडलेली बोटं स्वतःच्या हातानं मिटून देली.

नंतर चिवडा वाटताना काकू आमच्याजवळ आल्या. मले कुंकू लावलं, सुनेले लावलं. तिच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "तूच लावलंस ना सिक्क्याला? तेल जरा जास्त झालं बरं का."

सुनेले किती समजलं माहीत नाही. ती म्हणे, "हव."

ऑटोत घरी येताना हे तो सिक्का मुठीतच धरून होते. स्टेशनजवळ आलो तवा म्हणे, "आज भाऊबीज. ओवाळणी मी टाकायची असते. काकूनंच मले टाकली."

त्या थंडीत शाळांची बोलावणी आली. काकूंनीच सांगितलं होतं कोणाकोणाले. पुढं हे बरेच वर्षं जादू करत राहिले. सून मायघरी गेली ती फक्त सणावाराले. आता हे नाहीत.

वाचणाऱ्याले माझं एवढंच म्हणणं आहे. कुठं शाळेत, लग्नात, पाऱ्यात कोणी सिक्क्याची जादू करत असला, अन् तुमच्या नजरेले ती रेघ दिसली, तर तिथं बोलू नका. त्याचं पुरं होऊ द्या. सांगायचंच असन तर घरी जाऊन सांगा.